उष्णीष आणि फेडोरा

संस्कृतात शिरोवेष्टनास ‘उष्णीष’ असे एक नाव आहे. उष्ण म्हणजे ताप. त्याचे जे निवारण करते ते उष्णीष, अशी ह्या शब्दाची फोड जुने टीकाकार करितात. वर्गात ती मी कित्येक वर्षे मुलांना सांगितली, फळ्यावर लिहिली, परीक्षेत विचारिली. परंतु तिचे मर्म मला स्वतःला उमगले ते गेल्या मार्गशीर्षात, आणि तेही एका बोलपटातील टोपीच्या निमित्ताने!

वडीलबंधूंचा नातू नागपुरास पुरातत्त्वाचा अभ्यास करितो. गतसाली चैत्रात तो खोदकामावर गेला असता बोडक्या डोक्याने भर दुपारपर्यंत खड्ड्यात बसून राहिला. सायंकाळी ऊन लागून जो पडला, तो दोन दिवस त्याने मान वर केली नाही. आमच्या वर्धा जिल्ह्यात वैशाखात पारा ४५ अंशांच्या वर चढतो हे येथील शेंबड्या पोरालाही ठाऊक असते; तरी डोके झाकण्याचा कंटाळा सुशिक्षितांच्या अंगी मुरला आहे तो आहेच. म्हणून यंदा हंगामापूर्वी तो आपण होऊन म्हणाला, “आजोबा, मला टोपी घ्यायची आहे,” तेव्हा सर्वांस समाधान वाटले. ते फार वेळ टिकले नाही. त्याने चित्र दाखविले ते ‘इंडियाना जोन्स’ नामक बोलपटातील प्राध्यापकाच्या रुंद कडेच्या तपकिरी हॅटचे. तिला फेडोरा म्हणतात. शिष्यवृत्तीतून शिल्लक टाकलेले दीड हजार रुपये त्याच्यापाशी होते.

त्याच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या पुतण्याने, चित्राकडे एकवार पाहिले आणि म्हटले, “आधी डोक्यात काही भरा, मग डोक्यावर घाला.” वहिनींचा आक्षेप निराळा. ह्याच मालिकेतील १९८४ सालच्या बोलपटात आपल्या देशातील राजवाड्यात माकडाचा मेंदू वाढतात असे दाखविले आहे, हे त्यांनी दूरचित्रवाणीवर पाहिले होते; असल्या बोलपटाची टोपी आमच्या घरात कशाला? त्यांचा राग अस्थानी नव्हे. त्या बोलपटाच्या चित्रणास आपल्या सरकारने मान्यता दिली नव्हती, आणि मंडळी शेवटी श्रीलंकेत गेली. निवाडा माझ्याकडे आला. पुतण्याचे ते वाक्य ऐकून मी मात्र किंचित गप्प झालो होतो. त्याचे कारण शेवटी सांगेन.

प्रथम ‘साहेबी टोपी’ ह्या आक्षेपाचा विचार करू. फेडोरा हे नाव कोणा साहेबाचे नव्हे, एका नाटकातील राजकन्येचे आहे. १८८२ साली पॅरिसमध्ये सार्दू ह्या नाटककाराचे ‘फेदोरा’ हे नाटक रंगभूमीवर आले. साराह बर्नहार्ट ही विख्यात नटी त्यात नायिका होती. तिच्यामुळे ह्या नावाची टोपी आरंभी स्त्रियांत रूढ झाली आणि पुरुषांनी ती मागाहून उचलली. हे ऐकताच वहिनींचा अर्धा राग हसण्यात गेला. आपल्या देशापुरते बोलावयाचे तर भगतसिंगांचे जे छायाचित्र घरोघरी आहे, १९२९ सालचे, त्यात त्यांच्या मस्तकी फेल्ट हॅटच आहे, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची हॅट घातलेली छायाचित्रेही कोणी पाहिली नाहीत असे नाही. ह्या दोघांस साहेबाचे अनुकरण करणारे म्हणण्याची छाती कोणाची आहे? तेव्हा टोपीस जात, धर्म वा राज्य चिकटवू नये. ती कशाची केली आहे, काय काम करिते आणि किती दिवस टिकते, एवढेच पाहावे.

आता कशाची केली आहे ते पाहू. फेल्ट म्हणजे विणलेले कापड नव्हे. केसांच्या तंतूंवर सूक्ष्म खवले असतात. ऊन पाणी आणि दाब मिळाला की ते एकमेकांत गुंततात व घट्ट थर बनतो. आपल्याकडील बुरणूस ह्याच रीतीने होतो. उत्तम फेडोरा सशाच्या किंवा बीव्हर नामक प्राण्याच्या केसांचा असतो. तो हलका, चिवट आणि पावसात आकार न सोडणारा असतो, ह्यात संशय नाही; परंतु परदेशी बनावटीचा घेऊ म्हटल्यास किंमत दहा हजारांच्या पुढे जाते. शिवाय सशाचे केस म्हटल्यावर वहिनींनी देवघराकडे पाहिले, तेथेच तो प्रश्न मिटला. ह्या कलेचा पूर्वेतिहासही गोड नाही. ते केस गुंतावेत म्हणून पूर्वी त्यांवर पाऱ्याच्या क्षाराची प्रक्रिया करीत, आणि त्या वाफांनी कारागिरांस कंप सुटून बुद्धिभ्रंश होत असे. अमेरिकेत ही रीत १९४१ साली बंद झाली.

दुसरा प्रकार मेंढीच्या लोकरीचा. धाबळी सोवळ्यास चालते त्या अर्थी ही टोपी घरात येण्यास अडचण नव्हती, आणि किंमतही दीड हजारांच्या आत बसत होती. परंतु लोकरीचा स्वस्त फेल्ट भिजला की आटतो, कड लोंबू लागते, आणि घामाने माथा चिंबतो. ज्यांस तो हिवाळ्यापुरता घ्यावयाचा असेल त्यांनी इतकी परीक्षा करावी. टोपी उजेडासमोर धरून पाहावी. कोठे विरळ दिसल्यास ती घेऊ नये. माथा दाबून सोडावा. तो आपण होऊन वर यावा. आतील घाम टिपणारी पट्टी शिवलेली असावी, डिंकाने चिकटविलेली नसावी. फार कडक टोपीस भुलू नये. तो कडकपणा पुष्कळदा लोकरीचा नसून खळीचा असतो. चांगल्या टोप्यांत ताठपणासाठी लाखेचा द्राव मुरविण्याची चाल आहे. ही लाख पळस, कुसुम आणि बोर ह्या आपल्याच झाडांवर किडे तयार करितात. म्हणजे साहेबाच्या टोपीचा ताठा पुष्कळ अंशी आपल्या पळसाने सांभाळिला असे म्हणावयास हरकत नाही!

परंतु मुख्य प्रश्न चैत्र-वैशाखाचा होता. फेल्टमधून वारा खेळत नाही. आमच्या उन्हात तो डोक्यावर ठेवणे म्हणजे तापनिवारणासाठी घोंगडी पांघरणे होय. येथे मला ‘उष्णीष’ शब्द आठवला, आणि त्याबरोबर आमच्याच जिल्ह्याशी निगडित अशी एक गोष्ट आठवली. काकासाहेब कालेलकर पुढे वर्ध्यास राहून राष्ट्रभाषाप्रचाराचे कार्य करीत होते. गांधी टोपी कशी ठरली ह्याविषयी महात्माजींनी त्यांस जे सांगितले ते त्यांनी लिहून ठेविले आहे. महात्माजींनी प्रांतोप्रांतीची शिरोवेष्टने मनात आणिली. पागोट्यास कापड फार लागते. काश्मिरी धाटणीची टोपी हलकी, शिवण्यास सोपी आणि घडी करून खिशात राहणारी. रंग पांढरा अशासाठी की, काळ्या टोपीत घाम जिरतो पण मळ दिसत नाही. पांढरीवर तो दिसतो आणि माणसास ती धुवावीच लागते. केवढा व्यवहारी विचार हा! थोडक्या पैशांत टिकाऊ टोपी कशी निवडावी ह्याचा ह्याहून चांगला वस्तुपाठ मला ठाऊक नाही. न्यून एकच. ती डोके झाकते, पण डोळ्यांवर आणि मानेवर सावली धरीत नाही. आणि खड्ड्यात ओणवे बसणाऱ्याची मानच पहिल्याने भाजते.

म्हणून मी निवाडा दिला तो असा: आकार बोलपटातला, कापड आणि कसोटी वर्ध्याची. ज्या गावात १९३८ सालापासून मगन संग्रहालय उभे आहे तेथे जाड्या खादीची वाण कशी पडेल? तपकिरी जाडी खादी घ्यावी आणि शिंप्याकडून फेडोराच्या घाटाची टोपी शिवून घ्यावी. कड अडीच इंच रुंद असावी. ह्याहून कमी असल्यास सावली पुरत नाही, फार अधिक असल्यास वाऱ्याने उडते. कडेत बकरम घालू नये, तो धुतल्यावर मऊ पडतो. त्याऐवजी दुहेरी खादीमध्ये कॅनव्हासचा थर घालून पाव पाव इंचावर शिलाईच्या ओळी माराव्यात. कडेखालचे अस्तर गडद असावे, म्हणजे जमिनीवरून उसळणारी तिरीप डोळ्यांत येत नाही. माथ्यास दोन्ही बाजूंनी वाऱ्याची छिद्रे आणि हनुवटीखाली दोरी असावी. माप घेताना फीत भुवयांच्या वर बोटभर आणि कानांच्या वरून न्यावी. ती आवळू नये. टोपी किंचित सैल झाल्यास आतील पट्टीखाली कापडाची घडी सरकविता येते. घट्ट झाली तर मात्र इलाज नाही.

नातवाचे तोंड उतरले. “आजोबा, ती खरी दिसणार नाही.” मी त्यास विचारिले, “खरी म्हणजे कोणती?” १९८१ साली पहिला बोलपट झाला तेव्हा ती टोपी लंडनच्या हर्बर्ट जॉन्सन ह्या दुकानातून कोरी आणिली होती. ती वापरलेली दिसावी म्हणून वेषभूषाकार डेबोरा नॅडूलमन हिने ती पिळली, चुरगळली, आणि ती स्वतः व नायक दोघेही तीवर बसले! कातडी कोट तर पोलादी ब्रशाने घासून जुना केला. श्रमाचे सोंग आणावयास एवढे श्रम! ज्यास खरेच मातीत बसावयाचे आहे त्याची टोपी एका हंगामात आपोआप जुनी होईल, आणि तीवरचा प्रत्येक डाग त्याचा स्वतःचा असेल.

त्यास मी पवनारची आठवण दिली. वर्ध्याहून सुमारे १० किलोमीटरांवर, धाम नदीच्या काठी, लहानपणी मीच त्याला नेले होते. विनोबाजी १९३८ साली तेथे राहावयास गेले. पुढे शेतात खणताना भरत-रामभेटीची शिल्पाकृती मिळाली. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी ह्यांनी हेच वाकाटक नृपती द्वितीय प्रवरसेनाचे प्रवरपूर होय असे प्रतिपादिले, आणि १९६७ साली देव व ढवळीकर ह्या विद्वानांनी नागपूर विद्यापीठाच्या वतीने तेथे उत्खनन केले. बोलपटातील प्राध्यापक चाबूक घेऊन सोन्याची मूर्ती पळवितो. पवनारास खापराचा तुकडा कोणत्या थरात मिळाला ह्याची नोंद ठेवावी लागते. परंतु त्या बोलपटामुळेच हा मुलगा ह्या विद्येकडे वळला, माझ्या व्याख्यानांमुळे नव्हे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. विद्येची वाट कोणत्या दाराने उघडेल हे मास्तरांच्या हाती नसते.

आता त्या गप्प होण्याचे कारण. १९८७ साली हाच पुतण्या बारा वर्षांचा होता. ‘श्री ४२०’ पाहून त्याच्या डोक्यात हॅट भरली, आणि खाऊचे पैसे साठवून गिरडच्या जत्रेतून त्याने एक हलकीशी हॅट आणिली. तिला हिरवी फीत होती. ती घालून तो शाळेत आला. भर वर्गात मी ती काढून घेतली आणि म्हटले, “आधी डोक्यात काही भरा, मग डोक्यावर घाला.” वर्ग हसला. टोपी मी कपाटात ठेविली, परत करण्याचे राहून गेले, आणि पुढे तिला वाळवी लागली. त्या दिवशी पुतण्याच्या तोंडून माझेच वाक्य माझ्या कानी आले. त्याने ते मुद्दाम म्हटले नव्हते. मुरलेले बोलणे बाहेर आले, इतकेच. रात्री जेवणे झाल्यावर मी त्यास ओसरीवर बोलाविले व म्हटले, “तुझी टोपी मी परत दिली नाही. ते चुकले.” तो म्हणाला, “काका, किती जुनी गोष्ट!” आणि पानपुडा पुढे ओढून सुपारी कातरीत बसला.

दुसऱ्या दिवशी शिंप्याकडे आम्ही तिघेही गेलो. मुलाच्या डोक्याचे माप पुतण्यानेच धरिले. कापड आणि शिलाई मिळून ७३० रुपये झाले. उरलेल्या पैशांत नातवाने पाण्याची मोठी बाटली घेतली, हे मला टोपीहून अधिक आवडले. वापराचे नियम मी त्यास लिहून दिले आहेत: टोपी माथ्याच्या चिमट्याने न धरता कडेने धरावी, प्रथम तेथेच ती फाटते, ठेविताना उलटी ठेवावी, भिजल्यास सावलीत वाळवावी, आठवड्याने धुवावी, आणि ऊन फार झाल्यास येथील शेतकऱ्यांप्रमाणे आत ओला दुपट्टा घ्यावा. वहिनींनी खिशात कांदा ठेवण्याची अट घातली, ती त्याने मान्य केली.

फीत कोणत्या रंगाची लावू, असे शिंप्याने विचारिले. नातू बोलपटातल्याप्रमाणे गडद तपकिरी सांगणार, तोच त्याचे वडील म्हणाले, “हिरवी लावा.”

नातू बुचकळ्यात पडला. मी काही बोललो नाही. टोपी हिरव्या फितीचीच झाली आहे, आणि ती घालून तो परवा खोदकामावर गेला.