कॉम्प्युटरचं तोंड गावाकडं फिरवा

मंडळी, मुंबईत शीव म्हणून एक ठिकाण आहे. शीव म्हणजे हद्द. आपण गावाची शीव म्हणतो ना, तोच शब्द. मुंबई बेट जिथं संपायचं आणि पलीकडं साष्टी सुरू व्हायची, ती ही जागा. तिथल्या कोळीवाड्यात माझी बहीण राहते. गावाकडचं कोणी शीवच्या मोठ्या दवाखान्यात दाखल झालं, की सोबतच्या माणसांचा मुक्काम तिच्या खोलीत ठरलेला. खोली ती केवढी! माणसं झोपली की पाय ठेवायला जागा उरत नाही.

मागच्या खेपेला मी गेलो, तर भाचा भिंतीवरच्या टीव्हीवर हिशेबाचे तक्ते लावून बसला होता. खाली कोपऱ्यात जुनापुराणा कॉम्प्युटर. २०२० च्या टाळेबंदीत त्याचा मॉनिटर बंद पडला, दुकानं बंद, तेव्हा पोरानं कॉम्प्युटरच्या मागून एक वायर ओढली आणि टीव्हीला जोडली. मी म्हटलं, "अरे, हे भंगारात का नाही दिलंस?" तर म्हणतो कसा, "मामा, कॉम्प्युटरला काय झालंय? मॉनिटर गेला होता. आणि टीव्ही तर घरात होताच."

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं, त्याला कारण आहे. त्याच्या आधीच्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं विचारलं होतं, "पाणंद रस्त्यावर मुरमाच्या खेपा किती पडल्या आणि बिल किती खेपांचं निघालं?" उत्तर मिळालं, "आजोबा, सगळं कॉम्प्युटरवर आहे." आजोबा खाली बसले. सभा पुढं सरकली. कॉम्प्युटर आतल्या खोलीत, त्याचं तोंड ऑपरेटरकडं, त्या खोलीला कुलूप. आणि सभा जिथं भरली होती, त्या हॉलच्या भिंतीवर पंचायतीचा टीव्ही, तोही बंद!

वाचकहो, तुमच्या गावात याहून वेगळं आहे का, ते छातीवर हात ठेवून सांगा.

हिशेब आहे, दिसत नाही

ग्रामसभेला घटनेचा आधार १९९३ पासून आहे. माहितीचा अधिकार महाराष्ट्रात २००२ ला आला, देशाचा कायदा २००५ ला झाला. २०११ पासून 'संग्राम' योजनेत पंचायती संगणकावर आल्या. २०२० पासून पंचायतीचा आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराजवर चढतो. म्हणजे कायदा आहे, यंत्र आहे, माहितीही आहे. नाही काय, तर चारचौघांत बसून ती डोळ्यांनी बघण्याची सोय. ती सोय दोन-चारशे रुपयांच्या वायरीत होते, एवढंच मला आज सांगायचंय.

कोणी म्हणेल, आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, कॉम्प्युटर-टीव्हीचं काय घेऊन बसलात? मुद्दा खोटा नाही. वारणा खोऱ्यात १९९८ मध्ये सुमारे ७० गावं संगणकानं जोडण्याचा मोठा प्रकल्प झाला होता. पुढं २००७ च्या सुमारास त्यातल्याच काही गावांत उसाचं वजन, खताची बाकी असली माहिती मोबाईलच्या संदेशावर देऊन पाहिली, आणि ते काम मोबाईलवर भागलं. बरोबरच आहे. माझ्या उसाचं वजन मला एकट्याला कळलं तरी चालतं. पण गावाच्या रस्त्याचा खर्च एकेकट्यानं आपापल्या मोबाईलवर बघून भागत नाही. तो सगळ्यांनी एका वेळी, एकाच पडद्यावर बघायचा असतो. एकानं बोट ठेवायचं, दुसऱ्यानं विचारायचं, तिसऱ्यानं "ही खेप आमच्या बांधावर पडलीच नाही" म्हणून सांगायचं. रामायण-महाभारत लागायचं तेव्हा अख्खी आळी एका टीव्हीसमोर बसत होती. मग गावच्या हिशेबाला का बसू नये?

जोडायचं कसं?

यात फार मोठी विद्या नाही. कॉम्प्युटरच्या पाठीमागं जिथं मॉनिटरची वायर लागते, ते ग्राफिक्स कार्डाचं तोंड. काही यंत्रांत कार्ड वेगळं असतं, काहींत मुख्य पाटीवरच ती सोय असते. तिथं कोणतं सॉकेट आहे, ते आधी बघा.

निळ्या रंगाचं, तीन ओळींत पंधरा भोकांचं असेल तर ते व्हीजीए. पंचायतींच्या जुन्या यंत्रांत बहुतेक हेच सापडेल. टीव्हीच्या मागं तसंच सॉकेट 'पीसी' किंवा 'आरजीबी' नावानं असेल, तर सरळ वायर लावा, काम झालं. पण नव्या टीव्हीला बऱ्याचदा फक्त एचडीएमआय असतं. मग मध्ये कन्व्हर्टरची डबी लागते. इथंच लोक फसतात. 'व्हीजीए टू एचडीएमआय' वेगळी आणि 'एचडीएमआय टू व्हीजीए' वेगळी. दिसायला सारख्या, पण उलटी आणली तर चालत नाही. आपल्याला पहिली पाहिजे, कारण चित्र व्हीजीएकडून एचडीएमआयकडं न्यायचंय. आणि डबीऐवजी नुसती दोन तोंडांची वायर कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. व्हीजीएचं चित्र एका जातीच्या संकेतात येतं, एचडीएमआयचं दुसऱ्या. मध्ये ते बदलणारं यंत्र लागतं, आणि त्याला बहुधा यूएसबीतून वीज द्यावी लागते.

पांढरं लांबट सॉकेट असेल तर ते डीव्हीआय. त्याला बहुतेक वेळा डबी लागत नाही, डीव्हीआय-एचडीएमआय वायर पुरते.

गोल, छोट्या भोकांचं असेल तर ते एस-व्हिडिओ. साधारण २००० नंतरच्या काही वर्षांतल्या कार्डांवर ते असायचं, जुन्या डब्या टीव्हीसाठी. काही टीव्हींना त्याऐवजी पिवळी पिन लागते. अशा टीव्हीवर कार्डाच्या सेटिंगमध्ये 'पाल' निवडा, कारण आपल्याकडचे जुने टीव्ही त्याच पद्धतीचे. 'एनटीएससी' राहिलं तर चित्र काळंपांढरं येतं किंवा वरखाली पळतं. या टीव्हीवर बारीक अक्षर वाचता येत नाही हेही लक्षात ठेवा. अक्षर मोठं करा आणि एका वेळी पाच-सहा ओळीच दाखवा.

वायर लावताना दोन्ही यंत्रं बंद ठेवा. मग आधी टीव्ही चालू करून योग्य इनपुट निवडा, नंतर कॉम्प्युटर. जुनी कार्डं चालू होतानाच टीव्ही आहे का ते बघतात, मागाहून लावला तर काही वेळा ओळखत नाहीत. विंडोज ७ किंवा पुढचं असेल तर विंडोजची कळ दाबून धरून 'पी' दाबा आणि 'डुप्लिकेट' निवडा. टीव्ही "सिग्नल नाही" किंवा "फॉरमॅट चालत नाही" म्हणाला, तर जुन्या मॉनिटरवर जाऊन रिफ्रेश रेट ६० करा. कडा कापल्या गेल्या तर टीव्हीच्या मेनूत चित्राचा आकार 'जस्ट स्कॅन' किंवा तसल्या नावाचा करा. आवाज या वायरींतून बहुधा जात नाही, त्याची वायर वेगळी. हिशेबाला आवाज लागतो तो गावकऱ्यांचा, त्यामुळं त्यावाचून अडत नाही.

दोन गोष्टींची भीती बाळगा

पहिली विजेची. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंग नाही असं समजा. आधी वायरमनला बोलावून अर्थिंग करून घ्या, मगच टीव्ही जोडा. केबलची किंवा डिशची वायर तेवढ्या वेळापुरती काढून ठेवा. जुन्या डब्या टीव्हीचं मागचं झाकण कोणी उघडू नये. बंद केल्यावरही आत हजारो व्होल्ट राहू शकतात.

दुसरी इंटरनेटची. विंडोज एक्सपीची देखभाल २०१४ ला थांबली, विंडोज ७ ची २०२० ला. असल्या यंत्राला इंटरनेट लावू नका. त्यावर पंचायतीची डिजिटल सही, बँकेचं काम, पासवर्ड काहीही नको. ते फक्त दाखवायचं यंत्र. चालू कॉम्प्युटरवरून हिशेब पीडीएफ करून पेनड्राइव्हनं न्या, म्हणजे मराठी अक्षरंही बिघडत नाहीत. आणि जुन्या यंत्रात घातलेला पेनड्राइव्ह परत चालू यंत्रात घालू नका.

भाऊसाहेब, तुमच्यासाठी

ग्रामसेवकांचं पद आता कागदावर 'ग्रामपंचायत अधिकारी' झालं असलं, तरी गाव तुम्हाला भाऊसाहेबच म्हणतं. भाऊसाहेब, तुमच्या मागचा व्याप आम्हाला ठाऊक आहे. एकेकाकडं दोन-दोन गावं, वर रोजचे ऑनलाइन अहवाल. पण ज्या प्रश्नाला आज तुम्ही "कॉम्प्युटरवर आहे" म्हणता, तो पडद्यावर दाखवलात तर संशय जागच्या जागी मिटतो. हिशेब चोख असेल तर पडदा तुमचाच साक्षीदार. नसेल, तर तो गावानं बघायलाच पाहिजे.

आणखी एक. "जुना झाला, नवा घ्या" हा ठराव डोळे झाकून मांडू नका. जडवस्तू नोंदवहीत कॉम्प्युटर आहे, टीव्ही आहे. दोन्ही चालतात का ते आधी बघा. खरंच निकामी निघालं, तर रीतसर निर्लेखन करून नोंदणीकृत ई-कचरा पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडं द्या. भंगारवाल्यानं वायरी जाळून तांबं काढलं, की तो धूर गावाच्याच नाकात जातो.

शेतकरी बंधूंनो, तुमचंही काम आहे. पुढच्या ग्रामसभेच्या आधी चार जणांनी सहीचा अर्ज द्या. त्यात एकच मागणी लिहा: वर्षाचा जमाखर्च आणि कामांची यादी सभेत टीव्हीवर दाखवा. गावात कॉलेजात जाणारं एखादं पोर असतंच, ते अर्ध्या तासात वायर जोडून देईल. मग मात्र सभेला या. पडदा लागला आणि समोर सतरंजी मोकळी, असं झालं तर दोष भाऊसाहेबांचा नाही.

कोळीवाड्यातल्या त्या खोलीत दुसऱ्या पडद्याला जागाच नव्हती, म्हणून पोरानं आहे त्याचा उपयोग केला. आपल्या पंचायतीत जागा आहे, यंत्र आहे, टीव्ही आहे. त्या आजोबांना त्यांच्या खेपांचा आकडा अजून मिळालेला नाही. येत्या सभेत तो भिंतीवर दिसावा, एवढीच मागणी.