काळे झुंबर आणि आपला आळस

कलेचा विषय निघाला की आपल्यातील काही साथींच्या कपाळाला आठ्या पडतात. काचेची झुंबरे श्रीमंतांच्या दिवाणखान्यातली. शेतमजुराला, कंत्राटी कामगाराला त्यांचे काय? फ्रेड विल्सन या कृष्णवर्णीय अमेरिकन कलावंताच्या काचशिल्पांविषयी एका अभ्यासवर्गात मी बोललो, तेव्हाही हा सवाल आलाच. तो क्रांतिकारक वाटतो. वस्तुतः तो आळशी आहे.

२००३ साली व्हेनिसच्या बिएनाले या कलाप्रदर्शनात, अमेरिकेच्या दालनात, विल्सनने एक झुंबर टांगले. घडण अस्सल व्हेनिसची, काच मुरानो बेटावरची, पण रंगाने काळी. त्या शहराच्या जुन्या चित्रांत नाव वल्हवणारा काळा माणूस आहे. तेथील प्रासादांत हातात दिवे धरलेले काळ्या सेवकांचे पुतळे आहेत. शतकानुशतके लोकांनी ते पाहिले आणि त्यांची दखल मात्र घेतली नाही. उजेडासाठी केलेली वस्तूच काळी करून विल्सनने ही नजर पकडली.

काचच का, याचे एक उत्तर अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला व्यापाऱ्याच्या खतावणीत सापडते. व्हेनिसचे काचमणी युरोपीय व्यापारी पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मोबदला म्हणून देत आणि त्या बदल्यात सोने, हस्तिदंत व माणसे घेत. (या मोबदल्यात सर्वांत मोठा वाटा कापडाचा असे, आणि त्यात हिंदुस्थानी सुती मालही भरपूर असे, हे आपणही विसरू नये.) मणी आज संग्रहालयांच्या कपाटांत जपलेले आहेत. त्यांच्या बदल्यात गेलेल्या माणसांची साधी नावेही तेथे नाहीत. याच विल्सनने १९९२ साली बाल्टिमोरच्या एका इतिहास-संग्रहालयात चांदीच्या नक्षीदार सुरयांशेजारी गुलामांच्या बेड्या मांडल्या आणि वर पाटी लावली ती केवळ ‘धातुकाम’ अशी. दोन्ही वस्तू त्याच संग्रहालयाच्या मालकीच्या होत्या. वरकड मूल्यावरील माझी कित्येक व्याख्याने या एका कपाटापुढे फिकी पडावीत!

वर्ग संपला की वर्ण आपोआप संपेल, असे मानणाऱ्यांनी १९६४ साल आठवावे. मिसिसिपीतील जॅक्सन येथे डॉ. लोहियांना एका उपाहारगृहात प्रवेश नाकारला गेला आणि अटक झाली. ते तेव्हा लोकसभेचे सदस्य होते. त्यांच्या खिशात पैसे नव्हते म्हणून हे घडले काय? कातडीचा रंग तेवढा पुरेसा ठरला.

विल्सनवर माझाही आक्षेप आहे, आणि तो कामगाराच्या बाजूने आहे. भट्टीच्या धगीत काच फुंकणारे हात मुरानोच्या कारागिरांचे. झुंबर ओळखले जाते ते एकट्या विल्सनच्या नावाने. शिवाय अशा कृती विकत घेण्याची ऐपत अखेर धनिकांची आणि त्यांच्या देणग्यांवर चालणाऱ्या संस्थांचीच. आठ्या घालणाऱ्या साथींनी पुढच्या अभ्यासवर्गात या मुद्द्यांवर माझ्याशी भांडावे. मात्र येताना त्या झुंबराचे छायाचित्र एकदा नीट पाहून यावे.