लीकचे बी गणपतीत, काढणी होळीआधी

लीकच्या परदेशी बियाण्याच्या पाकिटावर बहुधा ‘मार्च-एप्रिलमध्ये पेरा’ असे छापलेले असते. इंग्लंड-हॉलंडच्या बागांसाठी ते बरोबरच आहे. पण झाशीला खंडेराव गेटजवळच्या एखाद्या घरी कुणी ही सूचना तंतोतंत पाळली, तर मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाईल तेव्हा वाफ्यात काडीसुद्धा उरणार नाही. मग बोल लागतो तो बियाण्याला. खरी चूक पंचांगाची असते!

लीक हा कांद्याचाच भाऊबंद. मात्र तो कांद्यासारखा गड्डा धरत नाही. पाने लसणीसारखी चपटी आणि खाली एकावर एक गुंडाळलेला पांढरा, जाड दांडा. तोच खायचा. चव कांद्याहून सौम्य, किंचित गोडसर. हा दांडा पोसायला थंडी लागते आणि बुंदेलखंडात थंडी मोजकीच. म्हणून हिशेब उलटा, उन्हाळ्यापासून मागे मोजत करावा लागतो. झाशीत नेवाळकरांच्या काळापासून मराठी घरे आहेत. तेव्हा सणांवरून सांगितलेले लक्षात राहील. गणपतीच्या सुमारास पेरणी, दिवाळीच्या सुमारास लागवड आणि होळीपूर्वी काढणी.

बी ताजेच हवे. लीकचे बी काळे, कांद्याच्या बियांसारखे असते आणि दोन वर्षांत त्याची उगवण बरीच घटते. पाकिटावरची तारीख पाहिल्याशिवाय ते घेऊच नये. घरचे बी धरण्याचा विचारही सोडून द्यावा. झाडाला फुलायला एक कडक हिवाळा सोसावा लागतो, त्यानंतर बी तयार व्हायला आणखी काही महिने जातात. मैदानी उन्हाळ्यात ते जमत नाही. लवकर तयार होणारे वाण निवडावेत. हिमाचलमधील पालमपूरच्या कृषी विद्यापीठाने काढलेला ‘पालम पौष्टिक’ हा लीकचा देशी वाण आहे.

सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात खोक्यात किंवा पसरट कुंडीत, एक सेंटिमीटर खोल, ओळीत बी पेरावे. या दिवसांतली उष्णता बियांना मानवत नाही, म्हणून खोके सावलीत ठेवावे, उगवेपर्यंत वर ओले गोणपाट घालावे आणि पाणी झारीनेच द्यावे. अंकुर दिसायला दहा-पंधरा दिवस लागतात. तेवढ्यात ‘बी वाया गेले’ म्हणून माती उकरणारे उतावळे लोक पुष्कळ असतात! अंकुर दिसताच गोणपाट काढावे. रोपे सुरुवातीला वाकलेल्या केसाच्या पिनेसारखी दिसतात आणि फार सावकाश वाढतात. पाऊस ओसरला की त्यांना सकाळचे ऊन मिळू द्यावे.

साधारण आठ आठवड्यांत रोप पेन्सिलीएवढे होऊ लागते. तोवर वाफा तयार हवा. झाशीच्या आसपासच्या ‘राकड’ नावाच्या तांबड्या, खडेरी मातीत पाणी टिकत नाही आणि सेंद्रिय अंशही कमीच. तिच्यात चांगले कुजलेले शेणखत सढळ हाताने मिसळावे. ताजे शेण मुळीच नको.

लागवडीची पद्धत मात्र कांद्याहून वेगळी, आणि पांढरा दांडा लांब मिळणे तिच्यावरच अवलंबून आहे. लाकडी खुंटीने १५ सेंटिमीटर खोल भोक पाडावे, त्यात एक रोप सोडावे आणि माती न लोटता नुसते पाणी ओतावे. मुळांवर बसेल तेवढी माती पाण्याबरोबरच खाली जाते; उरलेले भोक पुढे हळूहळू भरते. दोन रोपांत १५ आणि दोन ओळींत ३० सेंटिमीटर अंतर ठेवावे. एक मीटर रुंद, दोन मीटर लांब वाफ्यात चाळीसेक रोपे बसतात. अंगण नसेल, तर गच्चीवर फूटभर खोल टबात सहा-सात.

पुढे दर पंधरवड्याला बुंध्याशी थोडी भर द्यावी, कारण उजेड न लागलेला भागच पांढरा आणि कोवळा राहतो. पानांच्या बेचक्यात माती जाऊ देऊ नये. दांड्याच्या पदरांत ती अडकते आणि मग भाजी दाताखाली कचकचते. पाण्याची ओढ बसता कामा नये. जानेवारीतल्या कडाक्याची भीती बाळगू नये, लीकला तो सोसतो. फेब्रुवारीत हवा तापू लागली की पानांवर रुपेरी चट्टे दिसतात. ते फुलकिड्यांचे काम. पाण्याचा जोरदार फवारा आणि निंबोळी अर्क वेळेवर दिला तर निभावते.

वेल्समध्ये १ मार्चला, सेंट डेव्हिडच्या दिवशी, लोक कपड्यांवर लीक मिरवतात. तिथल्या थंडीत तो पुढेही जमिनीत उभा राहतो. झाशीत त्या तारखेनंतर वाट पाहण्यात अर्थ नाही. दांडा अंगठ्याएवढाच जाड असला तरी काढून घ्यावा. ‘अजून थोडा पोसू दे’ म्हटले की मार्चअखेर तो चिवट होतो. उपटू नये, खुरप्याने सैल करून काढावा. उभा चिरून वाहत्या पाण्याखाली पदर धुवावेत. बटाट्याबरोबर त्याचे सूप जगभर होते, पण मराठी घरात कांद्याच्या पातीसारखा बेसन लावून केलेला झुणका अधिक खपेल. हिरवी पाने कडक असली, तरी आमटीच्या पाण्यात उकळून काढून टाकावीत.