न्यायाची भाषा आणि घरची भाषा

ज्या भाषेत माणूस भांडतो, गाऱ्हाणे मांडतो आणि शपथेवर साक्ष देतो, त्या भाषेत त्याला निकाल मात्र वाचता येऊ नये, ही विसंगती आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिचे कोणाला वैषम्यही वाटत नाही. भाषेचा प्रश्न निघाला की आपण अस्मितेविषयी बोलतो. वस्तुतः तो आधी न्यायाचा आणि शिक्षणाचा प्रश्न आहे.

शिरूर तालुक्यातील सणसवाडीचेच उदाहरण घ्यावे. पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरील हे शेतीचे गाव गेल्या काही दशकांत कारखान्यांचे गाव झाले. जमिनीला मोल आले आणि त्याबरोबर वाटणीचे, खरेदीखताचे, रस्त्याचे, मोबदल्याचे तंटेही आले. असा तंटा शिरूरच्या न्यायालयात चालतो तोवर पक्षकाराचा पाय जमिनीवर असतो. राज्य शासनाने २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरविली आहे. पण प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयात गेले की राज्यघटनेचा अनुच्छेद ३४८ लागू होतो आणि कामकाज इंग्रजीत चालते. सात-बारा, फेरफार, पंचनामा, जबान्या या सर्वांचे भाषांतर होते आणि निकाल त्या भाषांतरावर उभा राहतो.

भाषांतरात काय बिघडू शकते, हे एका शब्दावरून ध्यानात येईल. साक्षीदार म्हणतो, ‘त्या बांधावर आमची वहिवाट आहे.’ वहिवाट म्हणजे जमीन कसण्याचा ताबा, की त्या वाटेने जाण्यायेण्याची रीत? गावात संदर्भाने ते तत्काळ कळते. इंग्रजीत मात्र या दोन गोष्टींना दोन निराळे शब्द आहेत आणि कायद्यात त्यांचे परिणामही निराळे आहेत. भाषांतरकाराने एक शब्द निवडला की दाव्याचे स्वरूपच पालटू शकते, आणि ज्याची जमीन आहे त्याला ही चूक दाखवून देण्याचेही साधन राहत नाही. कारण तो कागद त्याला वाचता येत नाही.

या दुखण्याचे अधिक तीव्र रूप पाहावयाचे तर मॉरिशसकडे पाहावे. १८३४ नंतर मळ्यांवर मजुरीसाठी गेलेल्यांत कोकणातील मराठी कुटुंबेही होती. त्यांचे वंशज आज गणेशचतुर्थी साजरी करतात, मुलांना शाळेत मराठी हा विषय देतात. पण घरात बोलतात ती क्रिओल. २०११ च्या जनगणनेत तेथील दहापैकी आठांहून अधिक लोकांनी घरची भाषा म्हणून क्रिओलच नोंदविली. तरीही शाळेची पुस्तके इंग्रजीत राहिली, संसदेची अधिकृत भाषा घटनेने इंग्रजी ठरविली आणि सदस्याला फ्रेंचमध्ये बोलण्याची मुभा दिली. जी भाषा बहुतेकांच्या तोंडी, तिचा उल्लेख मात्र त्या कलमात नव्हता. तेलुगू वंशाचे नाटककार देव विरासामी यांच्यासारख्यांनी उभे आयुष्य या भाषेच्या बाजूने वेचले. २००४ मध्ये तिच्या लेखनपद्धतीचा मसुदा तयार झाला आणि २०१२ मध्ये ती प्राथमिक शाळेत ऐच्छिक विषय म्हणून आली. शेजारच्या सेशेल्सने तर १९८२ मध्येच क्रिओलला प्राथमिक वर्गांचे माध्यम केले होते.

तेथेही आक्षेप आपल्याकडचेच होते. ही अशुद्ध बोली आहे, तिला व्याकरण नाही, तिच्यात शिकून पोट भरणार नाही, असे म्हटले गेले. यांतील पहिले दोन आक्षेप अज्ञानाचे आहेत. ज्ञानेश्वरांच्या काळी मराठीविषयीही पंडितांचे मत फारसे वेगळे नव्हते. तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो हसण्यावारी नेता येणार नाही. इंग्रजीने या देशात नोकरीची, उच्च शिक्षणाची आणि जातीच्या कुंपणाबाहेर पडण्याची वाट उघडली. सावित्रीबाई फुल्यांनी शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकण्याचे आवाहन केले ते त्यासाठीच. स्वतःची मुले इंग्रजी शाळेत घालून कामगाराच्या मुलाला मातृभाषेचा महिमा सांगणारा सुशिक्षित वर्ग या वादात विश्वासास पात्र ठरत नाही.

पण इंग्रजी शिकणे आणि इंग्रजीतून शिकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मुंबई इलाख्यात १८४७ च्या सुमारास शिक्षणमंडळाचे अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीचा आग्रह धरीत असताना जगन्नाथ शंकरशेट यांनी लोकभाषेचा पक्ष घेतला. त्यांचा इंग्रजीशी दावा नव्हता; बहुजनांपर्यंत ज्ञान पोहोचवावयाचे तर ते त्यांच्या भाषेतूनच पोहोचेल, एवढाच त्यांचा मुद्दा होता. पावणेदोनशे वर्षांनंतरही तो खोडला गेलेला नाही. घरात इंग्रजीचा गंध नसलेल्या मुलाला गणित आणि विज्ञान पहिलीपासून इंग्रजीत दिले की ते पाठांतर करते. त्याला गणितही येत नाही आणि इंग्रजीही.

येथे मराठी माणसाने आरशातही पाहिले पाहिजे. रायगड जिल्ह्यात रेवदंड्याजवळच्या कोर्लई गावी हजारभर माणसे पोर्तुगीज आणि मराठी यांच्या संगमातून घडलेली एक क्रिओल बोलतात. तिला ते आपली भाषा, ‘नो लिंग’ म्हणतात. त्यांच्या मुलांना शाळेत मराठी मिळते, ती घरची बोली मिळत नाही. सणसवाडीच्या चाळींत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेल्या कामगारांची मुले आहेत. त्यांच्या दृष्टीने आपली मराठी ही तीच जागा घेते, जी उच्च न्यायालयात इंग्रजी घेते. महाराष्ट्रात मराठी सर्वांना आली पाहिजे, यात शंका नाही. २०२० च्या कायद्याने ती सर्व शाळांत सक्तीचीही झाली. परंतु पहिलीतल्या मुलाची भोजपुरी समजून घेऊन त्याला मराठीपर्यंत हात धरून आणणे हे शिक्षकाचे काम आहे, आणि त्यासाठी त्याला प्रशिक्षण व साहित्य देणे हे शासनाचे.

तेव्हा मागणी इंग्रजी हटविण्याची नाही. तिच्या शेजारी लोकभाषेला हक्काची जागा देण्याची आहे. अनुच्छेद ३४८ मध्येच राष्ट्रपतींच्या पूर्वसंमतीने राज्यपालांना उच्च न्यायालयाच्या कामकाजात राज्याच्या राजभाषेस परवानगी देण्याची तरतूद आहे. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि बिहार यांनी हिंदीसाठी तिचा उपयोग केला. महाराष्ट्राने मराठीसाठी निदान युक्तिवाद व कागदपत्रांपुरता तो का करू नये? २०१९ पासून सर्वोच्च न्यायालयाचे निवडक निकाल मराठीत उपलब्ध होऊ लागले, हे स्वागतार्हच. परंतु निवडक निकाल अभ्यासकाला पुरतील. पक्षकाराला त्याचा स्वतःचा निकाल हवा असतो, आणि तो अपिलाची मुदत संपण्यापूर्वी हवा असतो. इंग्रजी निकालाबरोबर त्याची तपासलेली मराठी प्रत विनामूल्य देणे, हा त्याचा हक्क मानला गेला पाहिजे.

ही कल्पना अव्यवहार्य नाही. कारखान्याचे स्थायी आदेश इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत दर्शनी भागी लावावेत, असा दंडक १९४६ च्या कायद्यानेच घातला होता. कामगाराला नियम कळल्याशिवाय नियमभंगाबद्दल शिक्षा करणे गैर, हे परक्या राजवटीतल्या कायद्यालाही मान्य होते. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, याचा आनंद सर्वांनाच झाला. परंतु आपल्या जमिनीचा निकाल शेतकऱ्याला दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो, तोवर तो दर्जा त्याच्या उपयोगी पडला असे म्हणता येणार नाही.