मागच्या सीटवरची छत्री

पावसाळ्यात गणपतीपुळ्याहून आरे-वारेमार्गे रत्नागिरीला दुचाकीने येणारी जोडपी पाहिली, की माझ्या पोटात गोळा येतो. पुढे रेनकोट घातलेले यजमान आणि मागे एका बाजूला पाय सोडून, हातात उघडी छत्री धरून बसलेल्या वहिनी! वळणावर समुद्राकडचा वारा छत्रीत शिरला, की ती शिडासारखी फुगते आणि धरणाऱ्याचा तोल जातो. मागे पडणाऱ्याचे डोके थेट डांबरावर आपटते. गाडी हळू असली तरी कवटीच्या आत रक्तस्राव होऊ शकतो. लोक मात्र भितात ते सर्दीला!

माझे स्पष्ट मत असे, की दुचाकीवर छत्री उघडूच नये. रेनकोट दोन घ्यावेत, हेल्मेटही दोन. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने मागे बसणाऱ्यालाही ते बंधनकारक आहे. गार वाऱ्याने बोटे बधिर झाली, तर ब्रेक नीट दाबला जात नाही. अशा वेळी थांबून हात कोरडे करावेत, गरम चहा घ्यावा. डोक्याला मार लागून उलटी, गुंगी किंवा वाढती डोकेदुखी असेल, तर घरी न नेता १०८ क्रमांकावर फोन करावा. भिजलात तर कपडे बदलता येतात, एवढे लक्षात ठेवा.