काचेच्या पेटीतला समुद्र आणि त्यावरचा दिवा

तंजावरहून एका निवृत्त शिक्षकांचे पत्र आले आहे. घराणे मराठी, वास्तव्य राजवाड्याच्या परिसरात, आणि पत्राची भाषा इतकी नेटकी की, साडेतीन शतकांपूर्वी दक्षिणेत गेलेली मराठी तेथील घराघरांतून अजून किती जपली जाते हे पाहून मन संतोषते. विषय मात्र आमच्या टेबलावर नेहमी येणारा नव्हे. त्यांच्या पंधरा वर्षांच्या नातवाने खाऱ्या पाण्याची मत्स्यपेटी मांडली आहे. गेल्या उन्हाळ्यात त्याने जुन्या सामानात मिळालेला एक मोठा मेटल हॅलाइड दिवा हौसेने पेटीवर टांगला आणि तीन दिवसांत सातही मासे गेले. मुलगा महिनाभर पेटीकडे फिरकला नाही. आता एक विक्रेता त्याला ‘पोवळ्याचे जिवंत झाड’ आणि त्यासाठी लागणारा भारी किमतीचा निळा दिवा, असे दोन्ही मिळून देऊ करीत आहे. आजोबांनी निवृत्तिवेतनातून तेवढी रक्कम बाजूला काढली आहे. ते विचारतात, दिवा कोणता घ्यावा?

वाचकहो, दिवा कोणासाठी हे ठरल्यावाचून या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. माशांना दिवा लागतो तो दिवस आणि रात्र ओळखण्यापुरता. प्रवाळाची गोष्ट निराळी आहे. प्रवाळ हा प्राणी आहे, झाड नव्हे. परंतु उथळ समुद्रात खडक रचणाऱ्या प्रवाळाच्या शरीरात एकपेशीय शैवाल वस्तीला असते. ते उजेडाच्या बळावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देते. म्हणजे तेथे दिवा ही शोभा नसून स्वयंपाकघर आहे. (आपल्या दागिन्यांतले तांबडे पोवळे या वर्गातले नव्हे. ते भूमध्य समुद्रातून येते, त्याच्या अंगात असे शैवाल नसते आणि ते अंधुक कपारींतही सुखाने वाढते.)

दुकानातले दिवे निळे का असतात, याचेही कारण आहे. समुद्राचे पाणी सूर्यप्रकाशातला तांबडा रंग पहिल्या काही मीटरांतच शोषून घेते. निळा सर्वांत खोल जातो. तेथील शैवालाला त्या निळ्या उजेडाचीच सवय झालेली असते. शिवाय निळ्या उजेडात प्रवाळातील काही प्रथिने हिरवी, नारिंगी अशी चमकतात, आणि गिऱ्हाईक त्या चमकेला भुलते. येथे आपला डोळा हा खोटा साक्षीदार ठरतो. त्याला हिरवा-पिवळा उजेड अधिक तेजस्वी भासतो आणि निळा मंद. त्यामुळे डोळ्याला मिणमिणता वाटणारा दिवा शैवालाला भरपूर असू शकतो आणि लख्ख दिसणारा अपुरा. म्हणून जाणकार वनस्पतीच्या उपयोगी पडणारे प्रकाशकण मोजतात. दर चौरस मीटरला दर सेकंदाला किती मायक्रोमोल प्रकाशकण पडतात, हे ते माप होय. भर दुपारच्या उन्हात ते २,००० च्या आसपास असते. पेटीतल्या मऊ प्रवाळांना साधारण ५० ते १५० पुरते. नाजूक फांद्यांच्या कठीण प्रवाळांना २०० ते ३५० किंवा त्याहून अधिक लागते. विक्रेत्याचा भारी दिवा आहे तो या शेवटच्या गटासाठी.

आणि नेमका हाच गट आपल्याला घरात ठेवता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली खडक रचणारे सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, गॉर्गोनिया, अग्निप्रवाळ आणि ऑर्गन-पाइप प्रवाळ घालण्यात आले. वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. समुद्रातून ते काढणे वा विकत घेणे हा गुन्हा असून त्याला तीन ते सात वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. विक्रेता ते ‘रामेश्वरम्‌कडून’ आणतो असे पत्रात लिहिले आहे. त्या बाजूला मन्नारचे आखात आहे. तेथील बेटांभोवतीचा प्रवाळ पूर्वी चुन्यासाठी वर्षानुवर्षे खणला गेला आणि २१ बेटांपैकी दोन पाण्याखाली गेली. जो उरला त्याला १९९८, २०१० आणि २०१६ च्या उष्ण उन्हाळ्यांत विरंजनाने गाठले. पाणी फार तापले की प्रवाळ आपल्या अंगातले शैवाल बाहेर टाकतो, पांढराफटक पडतो, आणि उष्मा लांबला तर उपासाने मरतो. तो विक्रेता देऊ करतो आहे तो तुकडा यातूनही वाचलेला आहे. आजोबांनी त्याला नकार द्यावा. आणि नातवाला कारण सांगून द्यावा, नुसता धाक घालून नव्हे. पंधरा वर्षांच्या मुलाला हे कारण समजते.

मग पेटी रिकामी ठेवावयाची काय? मुळीच नाही. मंडपम् येथील केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या केंद्राने क्लाउनफिश या नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या माशाची बंदिवासात पैदास करून दाखविली आहे. अशा पैदाशीतलेच मासे मागून घ्यावेत. समुद्रात हा मासा समुद्रफुलाच्या आश्रयाने राहतो, पण पेटीत त्यावाचून त्याचे काही अडत नाही. सोबतीला हिरव्या द्राक्षांच्या घडासारखे दिसणारे कॉलर्पा किंवा तांबूस ग्रॅसिलेरिया ही समुद्रशैवले लावावीत. ती वाढता वाढता माशांच्या विष्ठेतून पाण्यात उतरणारी नायट्रेटे शोषून घेतात, म्हणजे शोभा आणि सफाई दोन्ही साधतात. आता दिवा लागतो तो या शैवलांसाठी. तळाशी ५० ते १०० मायक्रोमोल उजेड पुष्कळ झाला, आणि त्याचा रंगही गर्द निळा नको. ६,५०० ते १०,००० केल्व्हिनचा पांढरा उजेड हवा.

पहिला दिवा का घातक ठरला, ते पत्रातील एका वाक्यावरून कळते: ‘पाणी हाताला कोमट लागत होते.’ मे महिन्यात तंजावरला पारा ३८ अंशांच्या आसपास असतो. दार-खिडक्या लावलेल्या खोलीत पेटीचे पाणी मुळातच ३० अंशांच्या वर गेलेले असणार. त्यावर हातभर अंतरावर हॅलाइड दिवा म्हणजे शेगडीच. पाणी जितके उष्ण तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि त्याच वेळी माशांची प्राणवायूची गरज वाढते. बहुधा मासे गुदमरूनच मेले. मुलाने काही निष्काळजीपणा केला असे आम्हाला वाटत नाही. हा दिवा थंड प्रदेशातल्या पेट्यांवर चांगले काम देतो. तो आपल्या हवेत चुकीचा ठरला, इतकेच.

तेव्हा दिवा एलईडीच घ्यावा. उष्णता त्यातूनही निघते, परंतु ती बहुतेक वरच्या बाजूस, धातूच्या पंख्यांतून हवेत जाते; पाण्यात थोडीच उतरते. खर्चाचा हिशोबही पाहा. २५० वॅटचा हॅलाइड दिवा रोज दहा तास जाळला तर दोन महिन्यांत १५० युनिटे होतात. साठ-सत्तर सेंटिमीटर लांबीच्या पेटीला ६० वॅटचा एलईडी पुरेसा होतो. त्याची ३६ युनिटे. नळीचे टी-फाइव्ह दिवेही वाईट नाहीत, पण वर्षाच्या आत त्यांचे तेज उतरते आणि नळ्या बदलाव्या लागतात. एलईडी घेताना उजेड कमी-जास्त करण्याची सोय आहे ना, एवढे पाहावे. पहिल्या आठवड्यात निम्म्याहून कमी तेजावर लावून तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावा. नवी शैवले एकदम प्रखर उजेडात करपतात.

पेटी चौकाच्या कडेला, उन्हाच्या तिरिपेत ठेवली आहे असे दिसते. ती आत हलवावी. ऊन फुकट असले तरी ते पाणी तापविते आणि काचेवर हिरवा थर धरविते. उन्हाळ्यात पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंखा लावला तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश तापमान उतरते. मात्र पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. म्हणून रोज गोडे पाणी घालून पातळी राखावी, खारे नव्हे. नवशिक्यांची चूक हमखास येथे होते.

विजेच्या बाबतीत थोडी कडक भाषा वापरतो. खारे पाणी विजेचे उत्तम वाहक आहे. पेटीचा प्लग गळती होताच प्रवाह तोडणाऱ्या स्विचवरच असावा. प्रत्येक वायर बोर्डापर्यंत जाण्याआधी खाली झोका घेईल अशी सोडावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे थेंब प्लगमध्ये न शिरता खाली गळतील. दिवा साखळीने पक्का टांगावा; आणि पेटीत हात घालण्यापूर्वी मुलाने मुख्य बटण बंद करावे, प्रत्येक वेळी.

पत्राच्या शेवटी आजोबांनी विचारले आहे, कार्यानिमित्त चार दिवस घर बंद राहिले तर दिवा चालू ठेवावा की बंद? ना सतत चालू, ना सतत बंद. घड्याळाचा स्वयंचलित स्विच मिळतो. तो लावून सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा एवढाच उजेड द्यावा. रात्रीचा अंधार माशांनाही हवा असतो. वीज गेली तर इन्व्हर्टरवर दिवा न ठेवता हवेचा पंप ठेवावा. चार दिवस कमी उजेडाने शैवल मरत नाही, पण हवेवाचून मासा रात्रही काढीत नाही. आणि शेजाऱ्यांकडे किल्ली देऊन गोड्या पाण्याची एक बादली भरून ठेवावी, पेटीवर पातळीची खूण करून.