मूल मोजले, जेवण मोजायचे राहिले

अंगणवाडीतल्या मुलाच्या अंगाची आज जितकी मोजमापे होतात, तितकी यापूर्वी कधीच झाली नव्हती. दर महिन्याला वजन, उंची आणि शंका आली तर दंडाचा घेर. दंडाची फीत साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आली की मूल 'सॅम', म्हणजे अतितीव्र कुपोषित. हे आकडे २०२१पासून 'पोषण ट्रॅकर'मध्ये चढतात आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसच्या एखाद्या वस्तीतल्या मुलाची नोंद थेट दिल्लीत दिसते. हे काम मोलाचेच आहे आणि ते तुटपुंज्या मानधनावर करणाऱ्या सेविकांचे ऋण मोठे आहे. पण या साऱ्या मोजणीत दोन गोष्टी सुटतात. त्या मुलाच्या पोटात दिवसभरात नेमके काय आणि किती गेले, आणि गेलेल्यापैकी अंगाला किती लागले. महाराष्ट्रात पाच वर्षांखालील खुरट्या मुलांचे प्रमाण २०१५-१६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३४.४ टक्के होते. २०१९-२१च्या फेरीत ते ३५.२ टक्के झाले. उंचीच्या मानाने वजन कमी असलेली मुले दोन्ही वेळा २५.६ टक्केच होती. मधल्या काळात योजना आल्या, पाकिटे आली, अंडी आली, तरी आकडा जागचा हलला नाही. हा आकडा का हलत नाही, याचे उत्तर आणखी वजनकाटे घेऊन मिळणार नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत मुलांच्या आहाराचा आणि आतड्यांच्या आरोग्याचा एकत्र, ऋतुवार आणि काटेकोर अभ्यास व्हायला हवा, आणि तो याच मातीत व्हायला हवा, असे माझे म्हणणे आहे.

आहार मोजला जातच नाही असे नाही, पण कसा मोजला जातो ते पाहावे. मोठ्या सर्वेक्षणात आईला विचारतात, काल दिवसा आणि रात्री बाळाने काय काय खाल्ले? मग यादी वाचली जाते आणि अन्नाच्या आठ गटांपैकी, आईचे दूध धरून, पाच गट आले तर बाळाचा आहार 'वैविध्यपूर्ण' ठरतो. देश आणि देश किंवा साल आणि साल यांची तुलना करायला ही पद्धत सोयीची आहे. एका मुलाचे कुपोषण समजून घ्यायला मात्र ती अपुरी पडते. धान पिकवणाऱ्या भागात बाळाचे पहिले अन्न बहुतेकदा तांदळाचे असते. एका घरात घट्ट मऊ भातावर डाळ आणि तेल पडते, दुसऱ्या घरात पातळ पेज असते. दोघांच्याही रकान्यात 'धान्य' अशी एकच खूण होते. आठ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी फार तर पाव लिटर मावते. वर्ष ते दोन वर्षांच्या मुलाला आईच्या दुधाशिवाय वरच्या अन्नातून दिवसाला साधारण ५५० किलोकॅलरी मिळाव्यात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पातळ पेजेवर तेवढ्या भरून काढायच्या तर बाळाला दिवसभर पीतच बसावे लागेल. पेज किती पातळ होती, वाटी केवढी होती, वाटीत किती उरले आणि उरलेले कोणी खाल्ले, हे विचारल्याशिवाय त्या खुणेला अर्थ नाही. आणि विचारायचे तरी कोणाला? रोवणीच्या दिवसांत आई पहाटेच चिखलात उतरलेली असते. बाळाला भरवते आजी किंवा सात-आठ वर्षांची बहीण. 'काल काय खाल्ले' या प्रश्नाला आईने दिलेले उत्तर त्या दिवसांत ऐकीव असते.

यादीचाही प्रश्न आहेच. बाहेरून आलेल्या तपासनिसाच्या यादीत पालक, गाजर, पपई असते. पावसाळ्याच्या तोंडावरचा तरोटा, जमिनीतून वर येणाऱ्या सात्या, बांबूचे कोवळे वास्ते, मोहफुले, टेंभरे, नाल्यातले बारीक मासे, आठवडी बाजारातली सुकट आणि माडिया घरांतली लाल मुंग्यांची चटणी हे जो विचारणार नाही, त्याला कोणी आपणहून सांगणार नाही. शहरी माणसासमोर रानातले खाणे सांगायला लोक संकोचतात, आणि त्या संकोचाला आपणच जबाबदार आहोत. परिणाम असा की जंगलातल्या मुलाचा आहार कागदावर आहे त्याहून गरीब दिसतो. नेमके उलटे घुग्घुसमध्ये घडू शकते. इथे कोळशाच्या खाणी, सिमेंट आणि लोखंडाचे कारखाने, तेलंगणापासून बिहारपर्यंतची कामगार कुटुंबे आणि गल्लीगल्लीत किराणा दुकान. पाच-दहा रुपयांचे खारे पाकीट आणि बिस्किटाचा पुडा मुलाची भूक मारतो, पण आहाराच्या हिशेबात तो 'धान्या'तच जमा होतो. जिल्हा पातळीवरचा आकडा नऊशेच्या आसपास घरांवरून काढलेला असतो. त्यातली सहा ते तेवीस महिन्यांची मुले आणखी थोडी. त्या एका आकड्यात घुग्घुसची कामगार वसाहत आणि जिवतीच्या डोंगरावरचा कोलामांचा गुडा दोन्ही ढवळून निघतात आणि शेवटी दोघांपैकी कोणाचेच चित्र उरत नाही.

भारताला हे काम नवे नाही. राष्ट्रीय पोषण संनियंत्रण ब्युरो १९७२मध्ये सुरू झाला. महाराष्ट्रासह अनेक राज्यांत त्याची माणसे ठरावीक मापाच्या वाट्या घेऊन घरोघरी बसत आणि चोवीस तासांचा आहार ग्रॅममध्ये उतरवत. २०१५मध्ये हा ब्युरो बंद झाला. तेव्हापासून मुलाची उंची मोजणारे वाढले आणि ताट मोजणारे नाहीसे झाले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७मध्ये ५२८ भारतीय खाद्यपदार्थांतील पोषकद्रव्यांची नवी कोष्टके काढली, हे फार मोठे काम आहे. पण कोष्टक हाती असून माप घेणाराच नसेल, तर ते कपाटात राहते.

हे झाले ताटाचे. पण ताटातले अंगाला लागते की नाही हा प्रश्न अधिक अवघड आहे आणि अधिक दुर्लक्षितही. निरोगी आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे असंख्य सूक्ष्म उंचवटे असतात. अन्नरस शोषला जातो तो त्यांच्यातून. मूल जिथे रांगते, तोंडात हात घालते, पाणी पिते, तिथून विष्ठेतले जंतू रोज थोडे थोडे पोटात जात राहिले, तर हे उंचवटे खुंटतात, आतड्याचे अस्तर सैल होते आणि कायमची मंद सूज राहते. शोषण घटते. शिवाय त्या सुजेशी लढण्यात शरीराची ऊर्जा खर्ची पडते. या विकाराला 'एन्व्हायर्नमेंटल एंटेरिक डिसफंक्शन' म्हणतात. यातली सर्वांत घातक गोष्ट ही की जुलाब व्हायलाच हवेत असे नाही. आई सांगते, पोट बरे आहे, आणि ती खरेच सांगत असते. गांबियातल्या तान्ह्या मुलांना दोन प्रकारच्या साखरांचे पाणी पाजून आणि त्यांची लघवी तपासून आतड्याची गळती मोजण्यात आली, तेव्हा वाढ खुंटण्यातला ४३ टक्के फरक आतड्याच्या या बिघाडाशी जुळत होता. हा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये १९९१ साली आला. पुढे आठ देशांतल्या 'मॅल-एड' या अभ्यासात आपल्या वेल्लोरची मुलेही होती. तिथे आढळले की शिगेला आणि कॅम्पायलोबॅक्टरसारखे जंतू जुलाब न होताही मुलांच्या शौचात सापडतात आणि त्यांच्या असण्याचा संबंध वाढ मंदावण्याशी आहे. कॅम्पायलोबॅक्टर कोंबड्यांत सर्रास असतो. ज्या अंगणात बाळ रांगते त्याच अंगणात कोंबड्या चरतात हे आपल्या गावांतले रोजचे दृश्य, आणि तीच कोंबडी बाळाला अंडेही देते. म्हणून 'कोंबड्या पाळू नका' असा सल्ला मूर्खपणाचा ठरेल. रात्री त्या खुराड्यात राहतात की घरात, बाळाला सारवलेल्या जमिनीवर ठेवतात की चटईवर, हे पाहणे मात्र शहाणपणाचे आहे.

यावर एक जाणता आक्षेप येतो आणि तो टाळता येणार नाही. आतड्याचा प्रश्न घाणीतून येतो तर घाण काढली की मुले वाढायला हवीत. बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वेत नेमके हेच करून पाहिले गेले. हजारो कुटुंबांना संडास, हात धुण्याची सोय, पाणी शुद्ध करायला क्लोरीन दिले गेले. २०१८ आणि २०१९मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा मुलांच्या उंचीत त्यामुळे फरक पडलेला नव्हता. मग हा सिद्धान्तच खोटा का? मला तसे वाटत नाही. घराघरात एक संडास आणि क्लोरीनची बाटली एवढ्याने बाळाच्या तोंडात जाणारे जंतू पुरेसे घटले नाहीत, एवढेच त्यातून सिद्ध होते. महाराष्ट्रातच २००४मध्ये संपूर्ण स्वच्छता अभियानाचा एक प्रयोग अहमदनगर, नांदेड आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांसाठी आखला होता. प्रत्यक्षात तो अहमदनगरमध्येच राबवला गेला आणि तिथल्या मुलांच्या उंचीत फरक दिसला. एकच उपाय एका ठिकाणी लागू पडतो आणि दुसरीकडे पडत नाही. म्हणूनच झिम्बाब्वेचे उत्तर गडचिरोलीतल्या भामरागडला आणि भामरागडचे घुग्घुसला जसेच्या तसे लावता येत नाही, आणि स्थानिक अभ्यासाची गरज आक्षेपाने कमी होण्याऐवजी वाढते.

ढाक्यातला एक प्रयोग याच संदर्भात आपल्या फार जवळचा आहे. मीरपूरच्या झोपडपट्टीतल्या १२ ते १८ महिन्यांच्या मध्यम कुपोषित मुलांना तीन महिने रोज दोनदा एक खास आहार दिला गेला. त्यात हरभऱ्याचे, शेंगदाण्याचे आणि सोयाबीनचे पीठ आणि कच्ची केळी होती. वाढत्या मुलाच्या आतड्यातल्या उपयुक्त जिवाणूंना काय आवडते ते आधी प्रयोगशाळेत शोधून मग हे घटक निवडले होते. तुलनेसाठी दुसऱ्या गटाला नेहमीचा तयार पूरक आहार दिला. खास आहारात उष्मांक कमी होते, तरीही त्यावरच्या मुलांचे वजन अधिक वेगाने वाढले. २०२१ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. थोड्या मुलांवरचा, एका शहरातला हा प्रयोग आहे आणि त्याला रामबाण म्हणणे चुकीचे होईल. पण कॅलरी भरल्या की मूल भरते, या समजुतीला त्याने धक्का दिला. आणि घटक पाहा. सोयाबीन आणि हरभरा ही चंद्रपूर जिल्ह्याच्या शेतातली पिके आहेत. आपल्या मुलांच्या आतड्यांना हेच मिश्रण मानवेल, की लाखोळी, जवस, मोह यांतून काही अधिक चांगले निघेल, हे शोधायला कोणी ढाक्याहून येणार नाही.

'मूल आज उपाशी आहे, तुम्ही अभ्यास कसले करता?' हा आक्षेप सर्वांत मनाला लागणारा. तो अर्धा खरा आहे. अभ्यास होईपर्यंत एकही वाटी थांबवता कामा नये. अमृत आहार योजनेतले गरम जेवण, अंडी-केळी, ग्राम बाल विकास केंद्रे हे सारे चालूच राहिले पाहिजे, आणि खंड न पडता. पण उपचार आणि मोजमाप एकमेकांचे शत्रू आहेत ही समजूत याच जंगलातल्या इतिहासाने खोडून काढली आहे. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गडचिरोलीच्या गावांत आधी मोजले, बाळे कशाने दगावतात ते नोंदवले, मग ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले आणि ४७ गावांशी तुलना केली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. 'लॅन्सेट'मध्ये १९९९ साली हे प्रसिद्ध झाले आणि २०११मध्ये आशा सेविकांमार्फत देशभर धोरण म्हणून स्वीकारले गेले. त्या गावांत नुसती औषधे वाटली असती, तर काही बाळे वाचली असती. मोजल्यामुळे देशभरच्या बाळांना त्याचा उपयोग झाला.

दारिद्र्य हेच मूळ आहे, आतड्याचे कौतुक कशाला, असेही कोणी म्हणेल. मजुरी, जमीन आणि वनहक्क यांचा प्रश्न मोठा आहेच, मी तो लहान करत नाही. पण कमाई वाढली की ताट आपोआप सुधारते असे मानायला घुग्घुसचे ते पाच-दहा रुपयांचे पाकीट आडवे येते. खाणीतला पगार घरात आला, तरी बाळाच्या वाटीपर्यंत तो कोणत्या रूपात पोहोचतो, हे पाहावेच लागेल. आणि हे काम अंगणवाडी सेविकेच्या माथी आणखी एक रकाना म्हणून मारले तर सगळेच फसेल. तिच्याकडे आधीच इतक्या नोंदवह्या आहेत की मुलाकडे पाहायला वेळ उरत नाही. ढकललेल्या कामातून ढकललेले आकडे येतात.

हे काम करायला माणसे आणि पैसा दोन्ही जिल्ह्यातच आहेत. चंद्रपूरला २०१५पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, गडचिरोलीत २०११पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. बालरोग विभाग आणि गृहविज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्राचे विद्यार्थी, गोंडी, माडिया आणि तेलुगू बोलणाऱ्या गावच्या मुली, यांचे छोटे पथक काहीशे मुलांच्या घरी वर्षातून चार वेळा गेले तरी पुरे. रोवणीत, धान कापणीनंतर, मोह वेचणीत आणि उन्हाळ्याच्या टोकाला. प्रत्येक फेरीत एका दिवसाऐवजी दोन-तीन वेगळ्या दिवसांचा आहार, मापाच्या वाटीने, भरवणाऱ्या व्यक्तीला विचारून घ्यावा. त्याच मुलांच्या शौचाचे आणि पिण्याच्या पाण्याचे नमुने घ्यावेत, आणि निवडक मुलांची ती साखरेच्या पाण्याची चाचणी करावी. सुई नको, दुर्बीण नको. ज्या मुलाच्या नमुन्यात काही आढळेल त्याला उपचार मिळाले पाहिजेत आणि निष्कर्ष आधी त्या गावाच्या ग्रामसभेत सांगितले पाहिजेत. पैशाचे म्हणाल तर घुग्घुसच्या कोळशावर आणि सुरजागडच्या लोहखनिजावर जिल्हा खनिज प्रतिष्ठानांत निधी जमा होतो. पिण्याचे पाणी, आरोग्य, स्वच्छता आणि महिला-बालकल्याण या कामांना प्राधान्य देण्याचे बंधन त्या निधीवर २०१५च्या पंतप्रधान खनिज क्षेत्र कल्याण योजनेपासूनच आहे. एखाद्या कमानीच्या किंवा रस्त्याच्या खर्चात हा अभ्यास दोन वर्षे चालेल. पुढच्या रोवणीला पहिली फेरी निघायची असेल, तर प्रस्ताव प्रतिष्ठानच्या नियामक परिषदेपुढे याच हिवाळ्यात जायला हवा.